वर्कशॉपसाठी कमी खर्चात हत्यारे घेताना: नाशिककरांसाठी खरेदी, वॉरंटी आणि तक्रारीची माहिती

नाशिकमध्ये फॅब्रिकेशनचे किंवा दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप सुरू करणाऱ्याच्या हातात भांडवल मोजकेच असते आणि यादी मात्र लांबलचक असते. ग्रायंडर, ड्रिल मशीन, वेल्डिंग मशीन, पान्यांचा संच, बारीक मापे घेण्याचा व्हर्निअर आणि जमल्यास छोटा कंप्रेसर असे सगळे एकदम घ्यायचे म्हटले की नजर आपोआप किमतीच्या चिठ्ठीवर जाते. स्वस्त हत्यार घेण्यात काहीच गैर नाही. मात्र भाव विचारण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी: हे बिघडले तर नाशकात कोण दुरुस्त करणार? याचे उत्तर नीट मिळत नसेल, तर पाचशे रुपयांची बचत पहिल्याच बिघाडात निघून जाते, शिवाय काम अडते ते वेगळेच.

उत्तर दुकानदाराकडून न घेता स्वतः मिळवावे. कंपनीच्या संकेतस्थळावर अधिकृत सर्व्हिस सेंटरची यादी असते. त्यातल्या नाशिकच्या क्रमांकावर खरेदीपूर्वीच फोन करून आपल्या मॉडेलचे आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग), कार्बन (त्याला वीज पोहोचवणारे झिजते तुकडे) आणि स्विच तयार मिळतात का, वॉरंटीतली दुरुस्ती इथेच होते की मशीन पुण्या-मुंबईला पाठवतात, आणि साधारण किती दिवस लागतात, हे विचारावे. मशीन फक्त गोळा करून पुढे पाठवणारी जागा आणि प्रत्यक्ष मिस्त्री व सुटे भाग असलेले सर्व्हिस सेंटर यांत फार फरक आहे, आणि तो फोनवरच कळतो. कारखान्याच्या पाटीवरचे नाव पाहून अंदाज बांधू नये. ज्याला जुने लोक अजून मायको म्हणतात, तो सातपूरचा बॉशचा कारखाना डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल बनवतो. बंद पडलेला ग्रायंडर घेऊन तिथे जाण्यात अर्थ नाही. उलट, पाने-पकडी बनवणाऱ्या टपारिया टूल्सचा कारखाना सातपूरच्याच औद्योगिक वसाहतीत आहे, ही हाताच्या हत्यारांच्या बाबतीत नाशिककरांची जमेची बाजू म्हणायला हवी.

पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सी-क्लॅम्प, हातोडी, हॅक्सॉची फ्रेम, टूलबॉक्स किंवा बेअरिंग ओढून काढायला महिन्यातून एखाद्या वेळी लागणारा पुलर स्वस्तातला चालतो. ग्रायंडर, मापाची साधने आणि रोज हातात असणारे पाने यांत काटकसर करू नये. हलक्या पोलादाचा पाना जोर लावताच तोंडाशी फाकतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. मग तो नट काढायला लागणारा वेळ पान्याच्या किमतीपेक्षा महाग पडतो. ग्रायंडरचा प्रश्न तर थेट डोळ्यांचा आणि बोटांचा आहे.

त्यानंतर खोक्यावरचे आकडे वाचायला शिकावे. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त बॅटरीच्या ड्रिलवर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे भव्य आकडे छापलेले असतात. लिथियम-आयन सेलचा सर्वसाधारण विद्युतदाब सुमारे ३.६ व्होल्ट असतो. आत पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतील तर बॅटरी १८ व्होल्टची झाली, मग बाहेर काहीही लिहिलेले असो. नामांकित कंपन्यांची ‘२० व्होल्ट मॅक्स’ बॅटरीही याच पाच सेलची असते. पूर्ण चार्ज झाल्यावरचा दाब धरून तो आकडा दिलेला असतो. वेल्डिंग मशीनवर अँपिअर ठळक असतात, पण खरा आकडा ड्यूटी सायकलचा. २०० अँपिअरला ६० टक्के लिहिले असेल, तर दहा मिनिटांत सहा मिनिटे वेल्डिंग करून चार मिनिटे मशीनला विश्रांती द्यावी लागते. ज्या मशीनच्या पाटीवर ड्यूटी सायकलच नाही, ते गेट-ग्रिलच्या सलग कामासाठी घेऊ नये. कंप्रेसरमध्ये हॉर्सपॉवर आणि टाकीचे लिटर यांच्याऐवजी प्रत्यक्ष किती हवा बाहेर मिळते, ते विचारावे.

वेष्टनावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क असणे वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार आवश्यक आहे. आयात केलेल्या हत्यारावर भारतातल्या आयातदाराचा पत्ताच नसेल, तर उद्या दाद कोणाकडे मागायची, हे आजच ठरवावे लागेल.

दुकान रविवार कारंजा भागात असो की सातपूर-अंबडच्या वसाहतीलगत, मशीन तिथेच खोक्यातून बाहेर काढून लावून पाहावे. ग्रायंडर डिस्क न लावता मिनिटभर चालवावा. हवेच्या फटींतून आत पाहिले असता कार्बनपाशी बारीक निळसर ठिणगी दिसणे सामान्य आहे; कम्युटेटरभोवती, म्हणजे कार्बन जिथे घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांभोवती, ठिणग्यांचे कडेच दिसत असेल तर ते मशीन नाकारावे. प्लग काढून स्पिंडल, म्हणजे डिस्क बसते तो दांडा, वर-खाली आणि बाजूला हलवून पाहावा, खुळखुळ लागली तर दुसरे मागावे. गार्ड, बाजूचा दांडा आणि डिस्कचा पाना खोक्यात आहेत ना, ते मोजावे. ४ इंची ग्रायंडर साधारण ११,००० आरपीएमच्या आसपास फिरतो, आणि डिस्कवर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्तच असायला हवा. डिस्कच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीचा महिना आणि वर्ष ठोकलेले असते. मुदत उलटलेली डिस्क फुकट मिळाली तरी लावू नये. गार्ड काढून मोठी डिस्क बसवण्याची सवय आपल्याकडे अनेक वर्कशॉपमध्ये आहे. ती कोणीही शिकवली असली तरी मोडावी. व्हर्निअर घेताना जबडे मिटवून उजेडासमोर धरावेत. मधून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये आणि दोन्ही पट्ट्यांचे शून्य तंतोतंत जुळले पाहिजे.

आता बिलाकडे वळू, कारण वॉरंटीचे बहुतेक वाद इथेच जन्माला येतात. “कच्च्या बिलावर घ्या शेठ, पक्क्याला अठरा टक्के वाढतील,” असे काउंटरवर सहज सांगितले जाते. छापील कमाल किमतीत सर्व कर आलेलेच असतात, त्यामुळे त्या किमतीवर वेगळा कर लावता येत नाही. सवलतीच्या भावात कर वेगळा धरला जात असेल, तर एकूण रकमेची तुलना करावी आणि तरीही पक्के बिलच घ्यावे. त्यावर मॉडेल, मशीनचा सीरियल नंबर, तारीख आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक लिहून घ्यावा. चिठ्ठीवर घेतलेल्या मशीनची वॉरंटी दुकानदाराच्या मर्जीवर चालते. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का अनेक बिलांवर दिसतो, त्याने घाबरून जाऊ नये. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, हेही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेले आहे.

वॉरंटी कार्डावर कालावधीपेक्षा अपवाद आधी वाचावेत. कार्बन, चक, वायर आणि डिस्क यांसारखे झिजणारे भाग बहुधा वॉरंटीत नसतात. हौशी वापराच्या मालिकेतले मशीन व्यावसायिक कामाला लावल्यास वॉरंटी रद्द, अशी अट काही कार्डांवर असते. वर्कशॉपवाल्याने ही ओळ शोधूनच मशीन निवडावे. काही कंपन्या ठरावीक दिवसांत ऑनलाइन नोंदणी केल्यास मुदत वाढवून देतात, तेव्हा नोंदणी खरेदीच्याच दिवशी उरकावी. थर्मल कागदावरच्या बिलाचा छापा काही महिन्यांत पुसट होऊ शकतो, म्हणून बिल, कार्ड आणि मशीनवरची सीरियल नंबरची पाटी यांचे फोटो काढून ठेवावेत. पहिल्या आठवड्यात मशीनला मुद्दाम नेहमीचे खरे काम द्यावे. दोष असेल तर तो परत करण्याच्या मुदतीत उघडा पडलेला बरा.

मशीन जळाले की सर्व्हिस सेंटरचे ठरलेले उत्तर येते: “ओव्हरलोड झालेय, वॉरंटीत बसत नाही.” कधी ते खरेही असते. अशा वेळी वाद न घालता मशीन आपल्यासमोर उघडण्याची विनंती करावी आणि आर्मेचर पाहावे. अतिभाराने जळालेल्या आर्मेचरची सगळी वायंडिंग बहुधा सारखीच काळवंडते. एकच कॉइल जळालेली आणि बाकीचा तांब्याचा रंग शाबूत असेल, तर इन्सुलेशनच्या दोषाची शंका घ्यायला जागा आहे. त्याच क्षणी फोटो काढावा आणि नकाराचे कारण जॉबशीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या नोंदपावतीवर, लिहून मागावे. मशीन ठेवताना मिळणाऱ्या जॉबशीटवर तारीख, सीरियल नंबर, सोबत दिलेल्या वस्तू आणि तक्रार आपल्या शब्दांत नोंदवली आहे का, ते वाचूनच सही करावी. ‘चालत नाही’ या दोन शब्दांपेक्षा ‘पाच मिनिटांत गिअरबॉक्स हात लावता येणार नाही इतका तापतो’ ही नोंद पुढे फार उपयोगी पडते.

तोंडी पाठपुरावा आठवडाभर चालवावा, त्यानंतर लेखी. ईमेल छोटा आणि तारखांचा असावा. उदाहरणार्थ: ‘मी अमुक तारखेला अमुक दुकानातून आपल्या कंपनीचे अमुक मॉडेल, सीरियल नंबर अमुक, घेतले. वॉरंटीच्या कालावधीत अमुक तारखेला ते बंद पडले व त्याच दिवशी आपल्या नाशिक सर्व्हिस सेंटरमध्ये जमा केले. जॉबशीट सोबत जोडले आहे. आजपर्यंत दुरुस्ती झालेली नाही व कारणही लेखी मिळालेले नाही. पंधरा दिवसांत मशीन दुरुस्त करून किंवा बदलून द्यावे, अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.’ एवढेच. राग, विशेषणे आणि समाजमाध्यमांची धमकी वगळावी. ईमेल वाचणाऱ्याला काय करायचे आहे, ते एका वाक्यात कळले पाहिजे. ऑनलाइन घेतलेल्या मालासाठी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून महिन्याच्या आत तिचे निवारण करायचे असते.

तेवढ्याने काम झाले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे मराठीत बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे तक्रार पोहोचवून उत्तर मिळवण्याचा प्रयत्न करते, आणि अनेकदा तेवढे पुरते. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. कंपनीचे कार्यालय दिल्लीत किंवा चेन्नईत असले तरी आपण राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणी, म्हणजे नाशिकमध्येच, तक्रार दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, पाच लाख रुपयांपर्यंत मोजलेल्या किमतीसाठी शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही आणि ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो.

वर्कशॉपवाल्याला इथे एक आडकाठी हमखास भेटते. व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही, असा मुद्दा कंपनी मांडते, आणि बिल फर्मच्या नावावर असेल तर तो अधिक जोरात मांडते. पण स्वयंरोजगाराने स्वतःची उपजीविका चालवण्यापुरतीच वस्तू घेऊन वापरणारा माणूस याला अपवाद आहे. लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लेथ मशीनचेच उदाहरण दिले आहे आणि मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून कोणी ग्राहक राहत नाही असे होत नाही, हेही सांगितले आहे. म्हणून जीएसटीची वजावट मिळावी यासाठी फर्मच्या नावे बिल घ्यायला हरकत नाही, मात्र तक्रारीत ‘मी हे मशीन स्वतः चालवतो व त्यावर माझ्या कुटुंबाची उपजीविका चालते’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे. वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्याला ही वाट सहसा मिळत नाही. त्यांनी खरेदीच्या ऑर्डरमध्येच दुरुस्तीच्या अटी लिहून घ्याव्यात.

तक्रार निकाली निघेपर्यंत मशीन ओळखीच्या मिस्त्रीकडून उघडून किंवा रिवाइंडिंग (मोटरच्या तारा नव्याने गुंडाळणे) करून घेऊ नये. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि आधीच खोललेल्या मशीनमधला दोष मूळचा होता हे सिद्ध करणे फार अवघड जाते. कामाची अडचण असेल तर तेवढ्या दिवसांसाठी भाड्याने मशीन आणावे आणि त्या भाड्याच्या पावत्याही तक्रारीला जोडाव्यात, म्हणजे नुकसानभरपाईची रक्कम मागताना हातात कागद राहतो.