डिस्क काढा, फोन लावा: दुकानदार आणि वर्कशॉपवाल्यांनो, या चुका टाळा

कोल्हापुरात उद्यमनगर, शाहूपुरी आणि शिरोली एमआयडीसी या पट्ट्यात मी सतरा वर्षं लोकांचे कॉम्प्युटर सांभाळतोय. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर बसवायचं, प्रिंटर सुरू करून द्यायचा, केबल ओढायची. अलीकडे मात्र महिन्यातून एखादा फोन ‘साहेब, जरा घोटाळा झालाय’ असा येतो आणि हातातलं काम टाकून पळावं लागतं. तिथं पोचलं की नवीन काही बघायला मिळत नाही, चुका त्याच असतात. गेल्या दिवाळीला शेजारच्या गाळ्यात जे झालं तेच या दिवाळीला इथं झालेलं असतं, आणि मालक म्हणतो, ‘आमचा धंदा तो केवढा, आमच्याकडं कोण येतंय?’ अहो, चोराला तुमचं नावसुद्धा माहीत नसतं. तो हजार ठिकाणी गळ टाकून बसतो. मासा केवढा ते गळाला लागल्यावर बघतो.

पहिली चूक माझी सगळ्यात नावडती, म्हणून ती सविस्तर सांगतो: बॅकअपची डिस्क कायम कॉम्प्युटरला लावून ठेवणं.

शाहूपुरीत रंग आणि हार्डवेअरचे एक घाऊक व्यापारी आहेत. मी त्यांना एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायला लावली होती. त्यांनी घेतली, तिच्यावर ‘बॅकअप’ असं मार्करनं लिहिलं, हळदीकुंकू वाहिलं आणि कॉम्प्युटरच्या मागं जोडून टाकली. दोन वर्षं ती तिथंच होती. मी दर वेळी म्हणायचो, ‘मालक, काम झालं की काढून कपाटात ठेवा.’ ते म्हणायचे, ‘रोज काढा-लावा कोण करणार? पोरं विसरतात.’

2022 चा मार्च, वर्षअखेरीची गडबड. ऑफिसातल्या पोराला दुकानाच्या फलकाचं डिझाइन करायचं होतं. कोरलचं लायसन्स कशाला घ्यायचं म्हणून त्यानं कुठूनतरी क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवून चालणारी चोरीची प्रत, उतरवला. त्याच्यासोबत आलेल्या सूचनेत पहिलीच पायरी अशी होती: अँटिव्हायरस बंद करा. वाचणाऱ्यानं तिथंच थांबायला पाहिजे की नाही? घरात शिरू पाहणारा माणूस म्हणतोय, आधी कुत्रा बांधा. पोरानं बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅली उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढं चार अक्षरांचं नवीन शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक चिठ्ठी. 980 डॉलर द्या, 72 तासांत दिले तर निम्मे, म्हणजे 490. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा हा व्हायरस, स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात ती खंडणीची जात. ती त्या काळात जगभर याच वाटेनं, फुकटच्या क्रॅकमधून पसरली. मागची डिस्क बघितली तर तीही पूर्ण लॉक. कॉम्प्युटरला जे जे दिसत होतं, ते ते त्यानं बंद करून टाकलं होतं. मालक मला विचारतात, ‘तीनशेत होईल का बघा.’ शहापुरी साडीचा भाव करावा तसं.

नोमोअररॅन्सम नावाची एक साइट आहे, युरोपोल ही युरोपची पोलीस संस्था आणि डच पोलिसांनी काही कंपन्यांना सोबत घेऊन 2016 साली सुरू केलेली. तिथं लॉक झालेल्या फाइली उघडायच्या काही प्रकारांच्या चाव्या फुकट मिळतात. आमच्याकडं आलेल्या जातीचे जुने प्रकार तिथं उघडत होते, आमचा नेमका नवा निघाला. पैसे भरू नका असं मी सांगितलं, कारण चावी मिळेल याची हमी देणारा मीही नव्हतो आणि चोर तर नव्हताच.

मग सुरू झाली खरी शिक्षा. डिसेंबरपर्यंतचा डेटा सीएच्या ऑफिसात पडून होता, कारण त्यांनी कामासाठी कॉपी मागवली होती. त्याच्या पुढचे तीन महिने आम्ही हातानं उभे केले. विक्रीची बिलं जीएसटीआर-1 या विक्रीच्या रिटर्नमधून, खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या 2बी या खरेदीच्या तक्त्यातून, जमा-खर्च बँकेच्या स्टेटमेंटवरून. मार्चचं रिटर्न भरायचं होतं, त्यामुळं मार्चची विक्री कार्बन कॉपीवरून. काउंटरवरच्या किरकोळ गिऱ्हाईकांची बिलं रिटर्नमध्ये एकेक करून नसतात, तिथं फक्त बेरीज असते. तो हिशेब कायमचा गेला. उधारीचं तर विचारूच नका. मालकांनी आठवून आठवून वहीत यादी केली. काही गिऱ्हाइकांनी आपणहून येऊन पैसे दिले, काहींना आपण काही घेतल्याचं आठवेना. अकरा दिवस चार माणसं रात्री दहापर्यंत बसली. क्रॅक वापरून जे वाचवलं, त्याच्या कितीतरी पट पैसे नुसत्या चहा-वड्याला गेले असतील.

आता माझी पद्धत सांगतो. पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत नाही, माझ्याकडं हे चालतं. डिस्का दोन, एकीवर ‘अ’ आणि दुसरीवर ‘ब’. एक आठवडा अ, पुढचा आठवडा ब. संध्याकाळी कॉपी झाली की डिस्क काढायची. जी चालू आठवड्याची नाही ती मालकाच्या घरी, दुकानात नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात शाहूपुरीत पाणी कुठपर्यंत आलं होतं ते इथल्यांना सांगायला नको. आणि महिन्यातून एकदा त्या डिस्कवरचा डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवून ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बेरजांचा ताळा, उघडायचा. आकडा जुळला तर तो बॅकअप, नाहीतर ते नुसतं समाधान. एकानं मला अभिमानानं सांगितलं की तो रोज सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर कॉपी करतो. दोन्ही एकाच डिस्कचे कप्पे आहेत हो! गुगल ड्राइव्हच्या सिंकवर विसंबणाऱ्यांनाही सांगतो, ते लॉक झालेली फाइलसुद्धा इमानेइतबारे वर चढवतं. जुनी आवृत्ती साधारण 30 दिवस परत मिळू शकते, पण त्यासाठी घोटाळा त्या 30 दिवसांत लक्षात यायला हवा.

दुसरी मोठी चूक: मेलवर आलेल्या नव्या खात्यात पैसे पाठवणं.

शिरोलीतलं एक मशीन शॉप. राजकोटच्या एका पार्टीकडून ते बरीच वर्षं माल घेतात. एके दिवशी मेल आला, ‘आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळचं पेमेंट खालच्या खात्यावर करा.’ खाली त्यांचं खरं बिल, खरा बिल नंबर, आणि त्याच्याखाली आधीचा सगळा पत्रव्यवहार. संशय कशाचा घेणार? पार्टीचाच मेलबॉक्स कुणीतरी फोडला होता आणि तो आठवडाभर गुपचूप वाचत बसला होता. मेलच्या पत्त्यात फक्त एक अक्षर इकडचं तिकडं होतं. इंग्रजी आर आणि एन शेजारी शेजारी लिहिले की घाईत एम वाटतो. अकाउंटंट बाईंनी 4 लाख 60 हजारांची आरटीजीएस केली. सहाव्या दिवशी राजकोटहून फोन आला, ‘शेठ, पेमेंट कब?’

खात्याचं नाव भलत्याच माणसाचं होतं, तरी पैसे गेले कसे, असं मालक बँकेत ओरडत होते. बँक चूक नव्हती. आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये पैसे खाते क्रमांक बघून जमा होतात, तुम्ही नाव काय लिहिलं याच्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं. हे प्रकरण 2023 चं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की 1 एप्रिल 2025 पर्यंत पैसे पाठवण्याआधी समोरच्या खात्याचं नाव दिसायची सोय बँकांनी द्यावी. आता ते नाव दिसतं. पण दिसतं म्हणून वाचतंय कोण? लोक ‘कन्फर्म’ दाबून मोकळे होतात.

काही हुशार लोक म्हणतात, आम्ही आधी एक रुपया पाठवून बघतो. हा शॉर्टकट ऐकला की माझं डोकं फिरतं. चोराच्या खात्यातही एक रुपया जमा होतोच की! आणि ‘मिळाला’ असा मेलही तोच पाठवतो, अगदी धन्यवादासकट.

उपाय जुनाट आहे. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांकडं एक वही ठेवायला लावलीय. प्रत्येक पार्टीचा फोन नंबर आणि खाते क्रमांक त्यात हातानं लिहिलेला. खातं बदललं असं कुणीही कळवलं, तर वहीतल्या जुन्या नंबरवर फोन लावायचा आणि ओळखीच्या माणसाशी बोलायचं. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, तो चोराचाच असतो. दुसरं, पेमेंट टाकणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा. चालू खात्याच्या नेटबँकिंगमध्ये अशी सोय बहुतेक बँका देतात. पण आमच्याकडं मालकाचा आयडी, मालकाचा पासवर्ड आणि मालकाचा ओटीपीवाला मोबाइल हे तिन्ही अकाउंटंटच्या टेबलावर असतात, आणि मालक रंकाळ्यावर भेळ खात असतात.

बाकीच्या चुका पटापट.

साउंडबॉक्स बोलला नाही तर पैसे आले असं धरू नका. गिऱ्हाईक मोबाइलवर हिरवी बरोबरची खूण दाखवतंय म्हणून माल देऊ नका, तसली खूण दाखवणारी खोटी ॲप फिरतात.

क्यूआरचा स्टिकर रोज सकाळी शटर उघडताना एकदा स्वतः स्कॅन करून बघा. त्यावर दुसरा चिकटवायला रात्रीत दोन मिनिटं लागतात.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. ‘मी फौजी आहे, कँटीनसाठी चाळीस पंखे हवेत, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ या एका थापेवर अजूनही मोठमोठे व्यापारी फसतात. वर म्हणतात, हिंदी फार शुद्ध बोलत होता.

व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडू नका. लग्नपत्रिका असो, आरटीओचं चलन असो की बँकेची केवायसी. लग्नपत्रिकेला ॲप लागत नाही.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, कार्डाच्या मागं छापलेला असतो. तुमचा मोबाइल दुरून चालवू देणारं एनीडेस्कसारखं ॲप टाकायला सांगणाऱ्याचा फोन तिथंच ठेवा. रिझर्व्ह बँकेनं हा इशारा 2019 सालीच दिलाय. (मीही दुरून दुरुस्तीला असलंच ॲप वापरतो. पण तेव्हा फोन तुम्ही मला केलेला असतो.)

‘जीएसटीची नोटीस’ म्हणून पीडीएफ आली की घाबरून पैसे भरू नका. केंद्रीय खात्याच्या पत्रावर 2019 पासून डीआयएन हा ओळख क्रमांक असतो (जीएसटी पोर्टलवरून निघालेल्या पत्रावर 2025 पासून त्याऐवजी आरएफएन क्रमांकही चालतो), सीबीआयसी या केंद्रीय कर मंडळाच्या साइटवर डीआयएन टाकून पत्र खरं की खोटं ते कळतं.

विंडोज 7 चा कंपनीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या अपडेट, जानेवारी 2020 ला संपला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. ‘चालतंय की अजून’ हे उत्तर मला देऊ नका.

दुकानाचं नाव, ॲट, 123. हा पासवर्ड मी तुमच्याआधी टाइप करून दाखवतो. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याला, तर बसवणाऱ्यानं ठेवलेलाच पासवर्ड असतो.

नोकरी सोडलेल्या पोराच्या मोबाइलवर दुकानाचा मेल आणि लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब चालू आहे का, ते आज बघा.

सगळा व्यवहार एकाच खात्यात ठेवणं ही चूक म्हणावी की नशीब, मला ठरवता येत नाही. तुमचा काही दोष नसतो. कुणीतरी चोरीच्या पैशातून तुमच्याकडं पाचशेचा माल घेतो, तिकडं दुसऱ्या राज्यात तक्रार होते आणि इकडं तुमच्या खात्यावर बंधन येतं. पगार अडकतात. म्हणून यूपीआयचं खातं वेगळं, पगाराचं आणि पार्टी पेमेंटचं वेगळं. यूपीआयच्या खात्यातून रोज संध्याकाळी पैसे काढून घ्यायचे.

आणि घोटाळा झाल्यावरची चूक, जिच्यामुळं मिळण्यासारखे पैसेही जातात. मालक आधी भावाला फोन करतो, मग सीएला, मग नगरसेवकाला, मग मला. मी तासाभरानं पोचतो आणि विचारतो, 1930 ला लावला का? नाही. हा नंबर पहिला लावायचा, सोबत यूटीआर (बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), खातं, रक्कम आणि वेळ तयार ठेवायची. पैसे या खात्यातून त्या खात्यात पळत असतात, ते कुठंतरी थांबवता आले तर थांबतात. मग बँकेला कळवायचं, सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवायची आणि पोचक्रमांक लिहून ठेवायचा. शिरोलीच्या त्या प्रकरणात सहा दिवसांनी तक्रार झाली, समोरच्या खात्यात 38 हजार शिल्लक सापडले. बाकी केव्हाच एटीएममधून निघाले होते.

रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम लोकांना अर्धाच माहीत असतो: तीन कामाच्या दिवसांत कळवलं की पैसे परत. चूक ना बँकेची ना तुमची, अशा वेळी ते खरं. ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच.

कॉम्प्युटरमध्ये काही शिरलंय असं वाटलं तर नेटची केबल उपसा, वायफाय बंद करा आणि मशीनला हात लावू नका. भाच्याला बोलावून फॉरमॅट मारून घेऊ नका. पोलिसांना दाखवायला काही उरत नाही, आणि पुढंमागं चावी निघाली तरी लावायला कुलूप राहत नाही. शाहूपुरीवाल्यांची ती लॉक झालेली डिस्क मी पिशवीत घालून माझ्या दुकानात ठेवलीय. हळदीकुंकू अजून आहे तिच्यावर.