ड्राइव्हवरचे खासगी कागद: कुलूप लावताना किल्ली कुठे ठेवायची

गूगल ड्राइव्हवर टाकलेली फाइल वाटेत आणि सर्व्हरवर एन्क्रिप्ट केलेलीच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते. पण त्या कुलपाची किल्ली गूगलकडे असते, आणि आपलं लॉगिन ज्याच्या हाती लागलं त्याच्यासाठी कुलूप आपोआप उघडतं. म्हणून लॉगिन भक्कम करणं हे एक काम, आणि मोजक्या नाजूक फाइलींना स्वतःचं वेगळं कुलूप लावणं हे दुसरं.

त्याआधी काय ठेवायचंच नाही ते ठरवा. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स डिजिलॉकरमध्ये मिळतात; त्यांचे स्कॅन ड्राइव्हवर साठवायची गरज नाही. कुणाला आधार पाठवायचंच असेल तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार पाठवा, जिथे ते चालतं तिथे. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण त्यावर विसंबू नका: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष, ही रचना सगळ्यांना माहीत आहे. ज्याला तुमचं नाव ठाऊक आहे, त्याला वर्षांची शंभरेक उत्तरं टाकून बघायला वेळ लागत नाही.

लॉगिनसाठी गूगल खात्याच्या सिक्युरिटी पानावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर ओळखीचा आणखी एक पुरावा) सुरू करा आणि शक्यतो पासकी (फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन) किंवा ऑथेंटिकेटर अ‍ॅप (फोनवरच कोड तयार करणारं) वापरा. एसएमएसचा ओटीपी नसण्यापेक्षा बरा, पण कुणी तुमच्या नावावर डुप्लिकेट सिम काढलं तर तो ओटीपी त्याच्या फोनवर जातो. फोन हाताशी नसेल तेव्हा लॉगिनसाठी त्याच पानावर दहा बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. एक कोड एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो. जुना कागद तेव्हाच फाडून टाका. ‘युवर डिव्हाइसेस’ची यादीही उघडून बघा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढताना केलेलं लॉगिन तिथे अजून जिवंत दिसलं, तर लगेच साइन आउट करा.

खासगी कागद बाहेर जाण्याची सगळ्यात सोपी वाट म्हणजे शेअरिंग. होम लोनच्या वेळी एजंटसाठी फोल्डर ‘एनीवन विथ द लिंक’ केला जातो, लोन होतं, लिंक तशीच राहते. ती लिंक पुढे कुणाकुणाकडे गेली हे कळायला मार्ग नसतो. शिवाय त्या फोल्डरमध्ये नंतर टाकलेली फाइलही त्याच परवानगीने उघडी होते. तपासणं सोपं आहे: लिंक कॉपी करून ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. लॉगिन न मागता फाइल दिसली, तर ती लिंक मिळालेल्या कुणालाही दिसते. ‘रिस्ट्रिक्टेड’ करा, माणसाचा ईमेल घालून फक्त ‘व्ह्यूअर’ द्या, आणि काम झालं की त्याच दिवशी त्याचं नाव काढा. त्याने आधीच डाउनलोड केलेली प्रत मात्र परत येत नाही.

आता स्वतःचं कुलूप. क्रिप्टोमेटर हा मुक्त स्रोत प्रोग्राम यासाठी उत्तम. कॉम्प्युटरवर तो मोफत आहे. फोनवर पूर्ण वापरासाठी पैसे भरावे लागतात. आधी ‘गूगल ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ (ड्राइव्ह कॉम्प्युटरवर फोल्डरसारखा दाखवणारा प्रोग्राम) बसवा, मग क्रिप्टोमेटरमध्ये नवीन व्हॉल्ट, म्हणजे कुलूपबंद तिजोरी, करा आणि जागा म्हणून ड्राइव्हचा फोल्डर निवडा. व्हॉल्टला ‘खरेदीखत’ किंवा ‘रिपोर्ट’ असं नाव नको. आतल्या फाइलींची नावं झाकली जातात, पण व्हॉल्टच्या फोल्डरचं नाव उघडंच राहतं. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून तो ऑफलाइन उपलब्ध ठेवा, नाहीतर नेट नसताना व्हॉल्ट उघडताना अडेल.

पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द घ्या: कंदील, करवंद, सोळा, रंधा, अशा जातीचे, पण नेमके हे नव्हेत. आरतीची ओळ किंवा म्हण नको. शब्द रोमन लिपीतच लिहा. देवनागरीत ‘र्‍या’सारखं अक्षर वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या संकेतांनी टाइप करतात, डोळ्यांना तेच दिसतं, पण पासवर्ड चुकतो. रोमनमध्येही ‘विहीर’ला व्ही की डब्ल्यू, हे आधीच ठरवून टाका.

पुढच्या पडद्यावर रिकव्हरी की करायची का असं विचारतात. होच म्हणा. चाळीसहून जास्त इंग्रजी शब्दांची ही ओळ म्हणजे पासवर्ड विसरल्यावरचा एकमेव आधार. कंपनी तो बदलून देऊ शकत नाही. प्रिंट काढा किंवा हाताने लिहा, आणि एक प्रत दुसऱ्या घरी, भरवशाच्या माणसाकडे ठेवा. फोनने तिचा फोटो काढू नका. फोटोंचा बॅकअप चालू असेल तर ती किल्ली त्याच गूगल खात्यात जाऊन बसते, आणि सगळी मेहनत वाया जाते.

व्हॉल्ट अनलॉक केला की कॉम्प्युटरवर एक नवा ड्राइव्ह दिसतो. फाइल त्यातच टाकायची. चूक होते ती इथे: लोक ती गूगल ड्राइव्हमधल्या व्हॉल्टच्या फोल्डरात, ‘मास्टरकी’ नावाच्या फाइलीशेजारी ठेवतात, आणि ती जशीच्या तशी, उघडी, अपलोड होते. फाइल आत गेल्यावर, आणि शेवटी दिलेली पेनड्राइव्हची चाचणी जमल्यावर, बाहेरची जुनी प्रत डिलीट करा आणि ट्रॅशही रिकामा करा, कारण तिथे ती ३० दिवस राहते. काम संपल्यावर व्हॉल्ट लॉक करा, सिंक (कॉम्प्युटरवरचे बदल ड्राइव्हवर पोचणं) पूर्ण होईपर्यंत थांबा, मगच लॅपटॉप बंद करा. तीच फाइल दोन मशीनवर एकाच वेळी उघडली, तर दोन प्रती तयार होतात आणि ताजी कोणती ते कळेनासं होतं.

व्हॉल्टमधल्या मजकुरात ड्राइव्हचा शोध चालत नाही, फोटोंची झलकही दिसत नाही. म्हणून लग्नाचे अल्बम वगैरे त्यात कोंबू नका. खरेदीखत, मृत्युपत्र, मेडिकल रिपोर्ट, पासवर्डची यादी एवढंच पुरे.

व्हॉट्सअ‍ॅपचंही बघा. अँड्रॉइड फोनवर चॅटचा बॅकअप ड्राइव्हवर जातो, आणि आपण पाठवलेले कागदांचे फोटोही त्यात असतात. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप (ज्याची किल्ली फक्त तुमच्याकडे असते) चालू आहे का ते तपासा. तिथला पासवर्ड किंवा ६४ अंकांची किल्लीही कागदावरच ठेवा.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: इकडे फाइल डिलीट झाली की तिकडेही होते. व्हॉल्टचा अख्खा फोल्डर, लॉक केलेलाच, महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर कॉपी करा. पेनड्राइव्ह हरवला तरी आतलं कुणाला वाचता येणार नाही. पहिल्या कॉपीनंतर तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, तिथे क्रिप्टोमेटर बसवा आणि पासवर्डने व्हॉल्ट उघडतो का, आतली एक पीडीएफ नीट दिसते का ते बघा. हे जमेपर्यंत मूळ फाइली डिलीट करू नका.