शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच बघायची तर

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे, आणि तालीम म्हणजे पेठ. शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठेचं, पाटाकडील तालीम मंगळवार पेठेची. या दोघांची गाठ असेल तर लवकर या आणि आपल्याच माणसांत बसा. घसा बसेपर्यंत ओरडा, पण आपल्या पोरांच्या नावानं. समोरच्या खेळाडूच्या आईबहिणीवर अजिबात जायचं नाही, तो कुणाचा तरी वर्गमित्र असतोय. त्यानं भारी गोल मारला तर टाळी द्या, ती द्यायलाच पाहिजे. हातात दगड घेणारा आपल्या तालमीचा असला तरी आपणच त्याला खाली बसवायचं. पेठेची इज्जत तिथंच कळते. मॅच सुटल्यावर समोरच्या पेठेतल्या दोस्ताला मिसळ खायला न्या. बिल जिंकणाऱ्यानं द्यायचं.