पावसाळ्यात बाल्सा लाकूड चिकटवण्यापूर्वी वजन करून पाहा

कोकणातील पावसाळ्यात बाल्सा लाकूड (विमानांच्या उडत्या प्रतिकृतींसाठी वापरले जाणारे अतिशय हलके लाकूड) हवेतील ओल शोषते आणि त्याच्या ओलसर पट्ट्यांनी बांधलेला प्रतिकृतीचा पंख दिवाळीनंतर हवा कोरडी होताच पिळवटतो. एचटी-२ या प्रशिक्षण विमानाच्या एक-चतुर्थांश प्रतिकृतीत पंखविस्तार सुमारे २.६८ मीटर असल्याने थोडासा पीळही उड्डाणात जाणवतो.

१. पट्ट्या सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात सपाट ठेवाव्यात.
२. त्यांतील एका पट्टीचे वजन ग्रॅमच्या काट्यावर रोज करावे. ते सलग तीन दिवस घटले नाही, तरच चिकटकाम सुरू करावे.
३. दोन्ही पंख त्याच आठवड्यात, एकाच डब्यातील लाकडातून बांधावेत. माझ्या मते हे सर्वांत महत्त्वाचे आहे.

पट्ट्या उन्हात किंवा चुलीजवळ मात्र वाळवू नयेत, कारण त्या एका बाजूने आकसून वाकतात.