नाद खुळा: वेडाच्या गाण्यांचा अर्धा तास असा बसवा

मंडळाच्या ऑर्केस्ट्रात ‘वेड’ हा विषय घेतला की गायक पहिल्या गाण्यापासूनच अंगात आल्यासारखा ओरडतो. तिसऱ्या गाण्याला त्याचा घसा बसतो, आणि पुढं चढवायला काही उरत नाही. वेड चढवायचं ते ठेक्यानं. गाणाऱ्यानं शुद्धीवर राहायचं.

अर्ध्या तासाला सहा गाणी पुरेत: सरासरी साडेचार मिनिटांनी सत्तावीस मिनिटं, उरलेली तीन निवेदनाला. निवेदकाला आधीच सांगून ठेवा, वेड्यांच्या इस्पितळाचे विनोद नकोत. कोल्हापुरात नाद कुस्तीचा असतो, याड माणसाचं लागतं, खूळ डोक्यात शिरतं, पिसं देवाचं लागतं. बोलायला एवढं भरपूर आहे.

सुरुवात पिशापासून करा. तुकोबांचा ‘पंढरीचे भूत मोठे’ हा अभंग येणाऱ्याजाणाऱ्याला झडपणाऱ्या विठ्ठलाचा आहे. पेटी, पखवाज, टाळ आणि भजनी ठेका. लय मिनिटाला ७५-८० मात्रा. ड्रम अजिबात नको.

मग प्रेमाची दोन. ‘सैराट’मधल्या (२०१६) ‘याड लागलं’ला हमखास घोळ होतो. त्यातली तारवाद्यं लॉस एंजेलिसला मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेली आहेत. ती भर आणायला दोघं कीबोर्डवाले एकाच सप्तकात स्ट्रिंग्ज धरतात आणि गायकाचे शब्द गडप होतात. एकानंच धरा, तेही अंतऱ्यापासून. दुसरं ‘टाइमपास’मधलं (२०१४) ‘मला वेड लागले प्रेमाचे’. युगुलगीताची पट्टी ज्याला वरचे सूर जड जातात त्याच्या सोयीनं ठरवा. कराओके ट्रॅक असेल तर दोन-तीन अर्धस्वरांपलीकडं सरकवू नका, वाद्यांचा आवाज पत्र्यासारखा होतो.

चौथं एखादं हिंदी घ्या, गायकाच्या आवडीचं. त्यावर फार डोकं चालवू नका.

पाचवं ‘वेडात मराठे वीर दौडले सात’. कुसुमाग्रजांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लताबाईंचा आवाज. प्रतापराव गुजर आणि सहा स्वार २४ फेब्रुवारी १६७४ ला पडले ती नेसरीची खिंड आपल्याच गडहिंग्लज तालुक्यात. पुरुष गायकानं मूळ पट्टीचा हट्ट धरू नये, पेटीच्या काळी एक किंवा काळी दोन पट्टीत उतरवून घ्यावं. मोठ्यानं म्हणताना ओठांपासून दोन बोटांवर धरलेला माईक वीतभर लांब न्या. माईकची जाळी मुठीत धरलीत तर मागून येणारा आवाजही आत शिरतो आणि स्पीकर शिट्टी मारतो.

सहावं ‘झिंगाट’. सात वीर पडल्या पडल्या ते सुरू केलंत तर पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं उठून जातील, आणि बरोबरच आहे. मध्ये दहा सेकंद पूर्ण शांतता ठेवा. मग दोन मिनिटं नुसती हलगी, तिच्या साथीला घुमकं (चर्मवाद्य) आणि कैताळ (झांज). संथ सुरू करून लय ‘झिंगाट’च्या लयीला भिडवा. दोन मिनिटांची ही भर धरायची तर निवेदन एका मिनिटात आटपावं लागतं.

गणपतीत हवा दमट, कातडं ढिलं पडतं, हलगी ‘भद्’ वाजते. पाचवं गाणं सुरू झालं की स्टेजमागं, मांडवाच्या कापडापासून लांब, रद्दी कागदाचा जाळ करा. हलगी हातभर वर धरून गोल फिरवत राहा आणि मधूनमधून बोटानं टिचकी मारा. टणक, कोरडा आवाज आला की बास. एका जागी धरली तर कातडं करपून फाटतं. तापवलेली हलगी थोड्याच वेळात पुन्हा उतरते, म्हणून दोन ठेवा: एक वाजवायची, एक शेकायची. हलगीला वेगळा माईक लावू नका, गायकाच्या माईकमधून ती येतेच.

उघड्यावर स्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो. सहावं गाणं पावणेदहाला सुरू झालंच पाहिजे. त्याला वन्स मोअर येणार, तेव्हा दुसरी हलगी गार पडू देऊ नका.