समुद्रातले खेळ पहिल्यांदाच करणार असाल तर सुरुवात कशापासून करायची

समुद्रकाठच्या शहरात तीन-चार दिवसांसाठी गेलेली बरीचशी मंडळी पहिल्याच दुपारी बीचवर उतरतात, समोर पॅकेजचा बोर्ड असतो, बनाना राइड, जेटस्की, पॅरासेलिंग सगळं एकत्र, आणि तासा-दीड तासात ते उरकून मोकळी होतात. मीपण पहिल्या वेळी तेच केलं. मजा आली, खोटं कशाला बोलू, पण परत आल्यावर आठवायला गेले तर समुद्राचं असं काही हाती लागलंच नव्हतं, कारण सगळं इंजिनानेच केलं होतं आणि मी नुसती धरून बसले होते. त्यानंतर दोन-तीन वेळा नीट वेळ काढून गेले तेव्हा कळलं की या खेळांचा एक क्रम असतो आणि तो पाळला तर तेवढ्याच दिवसांत कितीतरी जास्त मिळतं. आधी नुसतं पाण्यात उतरून अंगाला सवय करायची, मग वल्हं हातात घ्यायचं, मग लाट, मग पाण्याखाली, आणि मोटरवाले खेळ सगळ्यात शेवटी.

सगळ्यात आधी वारा आणि भरती-ओहोटी समजून घ्या, कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे खरंच कामाला येतं. दिवसा जमीन लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्राकडून खारा वारा आत येतो, तो दुपारी सगळ्यात जोरात असतो, म्हणून दुपारी पाणी खडबडीत. रात्री उलटं, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा. सकाळी या दोन्हींच्या मधल्या वेळेत पाणी बऱ्याचदा अगदी काचेसारखं असतं आणि वल्ह्याचे खेळ, स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघणं) याला हीच वेळ उत्तम. फक्त अगदी पहाटे उतरणार असाल तर वारा कुठे वाहतोय ते आधी बघा, मूठभर कोरडी वाळू हातातून सोडली की लगेच कळतं, आणि वाळू समुद्राकडे उडत असेल तर बोर्ड घेऊन लांब जायचं नाही, कारण तो वारा तुम्हाला नकळत आत ओढत नेतो आणि किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसत असल्यामुळे ते लक्षातपण येत नाही.

भरतीचं गणित पण सोपं आहे. बहुतेक ठिकाणी दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून रोजची वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. नवीन माणसाला तारीख निवडायची मोकळीक असेल तर भांगाचे दिवस बरे. आणि सहा तासांत पाणी सारखं चढत नाही, सुरुवातीला सावकाश, मग मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी चढतं, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी तेव्हा प्रवाह सगळ्यात जोरात असतो. कयाक, म्हणजे वल्हवायची छोटी अरुंद होडी, घेऊन निघताना ही वेळ टाळा.

आता रिप करंट, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण चांगले पोहणारे लोकसुद्धा यात अडकतात. लाटा किनाऱ्यावर येतात ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि एका अरुंद पट्ट्यातून जोरात खोल समुद्राकडे जातं. लांबून बघितलं की दोन्हीकडे पांढरा फेस आणि मधेच एक गडद, शांत पट्टा दिसतो जिथे लाट फुटत नाही, आणि लोकांना वाटतं हीच जागा पोरांना घेऊन उतरायला बरी. तीच नको. चुकून सापडलात तर एवढं डोक्यात पक्कं असू द्या की हा प्रवाह खाली ओढत नाही, किनाऱ्यापासून लांब नेतो, आणि थोडं पुढे गेला की त्याचा जोर संपतो. किनाऱ्याकडे तोंड करून त्याच्याशी झुंजू नका, त्यातच दम जातो. तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर या. लाइफगार्ड असलेल्या बऱ्याच बीचवर लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात, पोहायचं ते त्या दोन झेंड्यांच्या मधे, आणि नुसता लाल झेंडा दिसला तर त्या दिवशी वाळूतच बसायचं.

पहिल्या दिवशी फक्त स्नॉर्केलिंग करा असं मी सगळ्यांना सांगते. साधं वाटतं पण पुढच्या सगळ्याचा पाया हाच आहे, तोंड पाण्यात असताना शांतपणे श्वास घेता येणं. मास्क घेताना पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हलकंसं आत ओढा, हात सोडल्यावरपण तो चिकटून राहिला तर माप बरोबर. केसांची एक बट जरी कडेखाली अडकली तरी पाणी येत राहतं, आणि मास्क खराब आहे म्हणून आपण उगाच तीनदा बदलून घेतो. आतून धुकं धरतं त्याला थुंकी लावून हलकं धुवायचं, किळस वाटेल पण काम करतं. आधी कंबरभर पाण्यात उभं राहून नुसतं वाकून पाच मिनिटं श्वास घ्या, मग तरंगा. नळीत पाणी गेलं तर तोंडाने जोरात फू करायचं, निघून जातं. पूर्ण चेहऱ्याचे मास्क मिळतात ते मला पटत नाहीत, नाक धरून कान मोकळे करता येत नाहीत आणि घाबरलात तर नुसती नळी तोंडातून काढून टाकण्यासारखा तो पटकन निघत नाही. आणि एकटं कधीच नाही, किनारा कितीही जवळ असला तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वल्हं. पोहायला येत नसेल तर आधी कयाक करा, वर बसायचा असतो तोच मागा, उलटला तरी पाय आत अडकायची भीती नाही. लाइफ जॅकेट घातल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा, कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. नवीन माणूस नुसत्या दंडाने ओढतो आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात, खरा जोर कंबरेतून वळून लावायचा असतो, पाय रोवून. दोघांच्या कयाकमध्ये पुढचा लय ठरवतो आणि मागचा दिशा सांभाळतो, हे आधी बोलून घ्या नाहीतर अर्धा वेळ वल्ही एकमेकांवर आपटण्यात जातो. आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा म्हणजे दमल्यावर येताना वारा पाठीशी असतो.

पॅडल बोर्ड म्हणजे एसयूपी, बोर्डवर उभं राहून वल्हवायचं, त्यात लोक किनाऱ्यालगतच उभं राहायची घाई करतात आणि पडले की उथळ पाण्यात गुडघे फोडून घेतात. मांडीच्या वर पाणी असू दे, आधी गुडघ्यावर बसून थोडं वल्हवा, मग बोर्डच्या मधल्या हँडलच्या दोन्ही बाजूला पाय ठेवून उठा. नजर पायाकडे गेली की तोल गेलाच म्हणून समजा, लांब क्षितिजाकडे बघायचं. वल्ह्याचं पातं जे थोडं वाकलेलं असतं ते पुढच्या बाजूला वाकलेलं हवं, बहुतेक जण उलटं धरतात. वारा सुटला तर उभं राहू नका, तुमचं अंगच शिडासारखं वारा धरतं, पोटावर झोपा आणि हाताने वल्हवत या. पायाला लीश, म्हणजे बोर्डला जोडलेली दोरी, बांधलेली असू द्या आणि काहीही झालं तरी बोर्ड सोडू नका, तुम्हाला तरंगत ठेवणारी आणि लांबून दिसणारी वस्तू तीच आहे.

सर्फिंग हा माझा सगळ्यात आवडता प्रकार, म्हणून इथे घाई करू नका असं मनापासून सांगते, निदान दोन सेशन द्या. शिकायला आठ-नऊ फुटी मऊ फोमचा बोर्ड लागतो, लहान बोर्ड दिसायला भारी पण त्यावर नवीन माणूस उभा राहूच शकत नाही. मोठ्या लाटेपर्यंत जायचं नाहीये, लाट फुटून झाल्यावर जो पांढरा फेस येतो त्यातच शिकायचं, कंबरभर पाण्यात. वाळूवर पंधरा-वीस वेळा उठायचा सराव करा, तळवे छातीच्या बाजूला टेकवून एका झटक्यात पाय खाली. पहिल्या दिवशी मी प्रत्येक लाटेला पायाखाली बघत होते आणि प्रत्येक वेळी पडत होते, शिकवणारा मुलगा ओरडून ओरडून एकच सांगत होता, "ताई, खाली काय बघताय, किनाऱ्याकडे बघा!" विसाव्या वगैरे वेळी खरंच एका माडाकडे नजर ठेवली आणि उभी राहिले, तीन-चार सेकंद असेल, पण बोर्डखाली पाणी सळसळत जातंय तो आवाज अजून कानात आहे. पडताना सूर मारायचा नाही, पसरून सपाट पडायचं आणि वर येताना हाताने डोकं झाकायचं, कारण बोर्ड कुठून येईल सांगता येत नाही. पाण्यात उभं असताना बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मधे आडवा धरू नका, लाट तो सरळ तोंडावर आणते. टोकियो ऑलिंपिकपासून, म्हणजे २०२१ पासून, हा ऑलिंपिक खेळ झालाय, त्यामुळे आता शिकवणारे बऱ्याच ठिकाणी मिळतात.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, मधल्या दिवशी ठेवा, शेवटच्या दिवशी अजिबात नको. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना अंगात नायट्रोजन विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडावा लागतो, म्हणून एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि जास्त डाइव्ह केल्या तर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं. गाडीने उंच घाट चढून परत जाणार असाल तरी हेच लक्षात ठेवा. पहिल्यांदा करणाऱ्यांना इन्स्ट्रक्टरबरोबर जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतात, पाडी (PADI) या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमाने वय किमान १०. पोहता आलंच पाहिजे असं यात नाही, पण पुढे सर्टिफिकेट करायचं असेल तर २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं. आधी तब्येतीचा फॉर्म देतात तो खरा भरा, दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, काहीही लपवू नका. सर्दी असेल तर दिवस बदला. फॉर्मच देत नसतील तर तिथे करू नका, माझा तरी हा पक्का नियम आहे.

पाण्याखाली दोनच गोष्टी जपायच्या. एक म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो, तिथे भरून घेतलेली हवा वर येताना फुगत दुप्पट होते, ती बाहेर जायला वाट हवी. दुसरी, कान. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि हे दुखायला लागल्यावर नाही, अगदी पहिल्या मीटरपासून सारखं करत राहायचं. दुखलं तर थोडं वर या, मोकळं करा, मग परत खाली. माझा एक कान मोकळा होतच नव्हता, इन्स्ट्रक्टरने खुणेनेच थांबवलं, अर्धा मीटर वर नेलं, परत फुंकायला लावलं, आणि टक् असा बारीक आवाज झाला आणि सगळं शांत. खुणापण नीट शिकून घ्या, मी आनंदाने अंगठा वर केला आणि त्याने मला वर न्यायला सुरुवात केली, कारण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे वर चला. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनीचा गोल.

मोटरवाल्या खेळांचं थोडक्यात सांगते. जेटस्की चालवताना इंजिनाची सेफ्टी कॉर्ड मनगटाला किंवा जॅकेटला लावलीच पाहिजे, पडलात की इंजिन बंद. आणि बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की साध्या जेटस्कीत ॲक्सिलरेटर सोडला की वळवताच येत नाही, पाण्याचा झोत थांबला की हँडल फिरवून उपयोग नाही, ती सरळच जाते. समोर काही आलं की आपण घाबरून सोडतो, तिथेच अपघात होतात, म्हणून अंतर भरपूर ठेवा. पॅरासेलिंगला वाऱ्याचे झोत येत असतील किंवा ढग जमत असतील तर पैसे गेले तरी चालतील पण वर जाऊ नका. गडगडाट ऐकू आला तर कुठलाही खेळ असो, बाहेर या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरू नका.

अंगावर पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट, घाला, फोमच्या बोर्डने पोट आणि दंड अक्षरशः सोलून निघतात. सनस्क्रीन उतरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी आणि मग दर दोन तासांनी, ऑक्सिबेंझोन हे रसायन नसलेलं बघून घ्या, त्याने प्रवाळाला त्रास होतो म्हणून हवाईने २०२१ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातलीय. पाणी कोमट वाटलं तरी ते हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब ओढतं, तासाभरात ओठ थरथरायला लागले की बाहेर या, विशेषतः मुलांना काढा, ती स्वतःहून सांगत नाहीत. वाळूच्या तळावर चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला म्हणजे वाळूत दबून बसलेला पाकट मासा आधीच निघून जातो. जेलीफिश लागली तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि लगेच लाइफगार्डला दाखवा, कारण कुठल्या जातीला काय लावायचं हे तिथल्या माणसालाच माहीत असतं.