डॉन ड्रेपर आवडतोही आणि डोक्यातही जातो? मग मॅड मेन अशी बघा

मॅड मेन म्हणजे १९६० च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या जाहिरात कंपनीवरची अमेरिकन मालिका आणि डॉन तिचा नायक. ती बघणाऱ्या जवळपास सगळ्यांचं हे होतं, डॉनवर जीव जडतो आणि दोन एपिसोडनंतर त्याच माणसाची चीड येते, मग आपण एकतर "जाऊदे गं, त्या काळी असंच असायचं" म्हणून सोडून देतो नाहीतर "कसला नालायक आहे हा" म्हणत मालिकाच बंद करतो. दोन्ही नका करू. २००७ ते २०१५, सात सीझन, ९२ एपिसोड, मी दोनदा पूर्ण बघितलीय आणि दुसऱ्यांदा बघताना काही सवयी लावून घेतल्या त्या सांगते. (पुढे सगळं फोडणार आहे, बघायची बाकी असेल तर आधी बघून या.)

पहिल्या एपिसोडची शेवटची पाच मिनिटं नीट बघा. मार्च १९६०, न्यूयॉर्क, लकी स्ट्राइक सिगारेटवाले मीटिंगमधून उठून निघालेत आणि ऐनवेळी डॉनला जाहिरातीची ओळ सुचते, मैत्रिणीच्या घरी रात्र काढून झालीय, आपण पार फिदा. आणि मग तो ट्रेन पकडून घरी जातो तर तिथे बायको बेटी आणि दोन झोपलेली लेकरं! तोपर्यंत आपण त्याच्या बाजूचे झालेलो असतो. म्हणजे त्याच्यावर भाळलात म्हणून स्वतःला दोष देऊ नका, मालिकेने ठरवून तसं केलंय, फक्त ते झालंय हे लक्षात ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काळाचा दोष कुठला आणि माणसाचा कुठला हे कसं ओळखायचं. दुसऱ्या सीझनमध्ये पिकनिकचा सीन आहे, झाडाखाली मस्त दुपार, निघताना डॉन बिअरचा कॅन लांब भिरकावतो, बेटी चादर झटकते आणि सगळा कचरा तिथेच गवतावर टाकून गाडी निघून जाते. आपल्याला धक्का बसतो पण त्या चौघांपैकी कुणाला काही वाटत नाही, उघड्यावर, मुलांसमोर केलंय. हा काळ. याच्या उलट पहिल्या सीझनमध्ये बेटी मानसोपचार डॉक्टरकडे जायला लागते आणि डॉन रात्री गुपचूप त्या डॉक्टरला फोन लावून ती आत काय बोलली ते विचारून घेतो. तेव्हा डॉक्टरही सांगायचे हे खरं, पण डॉनने ते बेटीला सांगितलं का? नाही, तिला ते कळतं सीझनच्या शेवटी, फोनचं बिल चाळताना. मग माझी कसोटी साधी आहे, तो ती गोष्ट लपवतोय का बघा. लपवत असेल तर चूक आहे हे त्याला १९६० मध्येही कळत होतं आणि तिथे "त्या काळी असंच" चालत नाही. मी आता आपल्या घरातल्या जुन्या गोष्टी ऐकतानाही हेच बघते.

दुसरी सवय, डॉन बोलत असला की त्याच्याकडे बघूच नका, समोरच्याकडे बघा. कठीण जातं कारण डॉन झालेल्या जॉन हॅमवरून नजर हलत नाही, तरी करा. चौथ्या सीझनमध्ये ख्रिसमस पार्टीनंतर सेक्रेटरी अ‍ॅलिसन त्याची राहिलेली किल्ली द्यायला घरी जाते आणि नको ते होतं. दुसऱ्या दिवशी तो तिला केबिनमध्ये बोलावतो, किल्ली आणून दिल्याबद्दल थँक्यू म्हणतो आणि बोनसचं पाकीट हातात ठेवतो, झालं. तिच्या चेहऱ्यावर आत येतानाची उमेद आणि पाकीट घेतानाचं ते हसू, मला अजून आठवलं की पोटात कालवतं.

त्याचं लहानपण दाखवतात, कुंटणखान्यातलं, तेव्हा रडू आलं तर रडा, पण त्या रात्री निकाल देऊ नका. वाईट वाटणं वेगळं, माफ करणं वेगळं. पहिल्या सीझनचा शेवटचा एपिसोड बघा, स्वतःच्या बायकामुलांचे फोटो लावून तो कोडॅकच्या कॅरोसेल या स्लाइड प्रोजेक्टरची जाहिरात मांडतो आणि खोलीत एकजण रडत बाहेर जातो, आपणही रडतो, पण त्याच एपिसोडमध्ये त्याला कळलेलं असतं की ५,००० डॉलर देऊन हाकललेल्या सावत्र भावाने जीव दिलाय.

आणि बेटीला मार्क देताना तीच पट्टी वापरा. लेक सॅलीच्या वाढदिवसाला डॉन केक आणायला म्हणून जातो आणि रात्रीपर्यंत गायब, येताना कुत्रा घेऊन येतो, तर लोक म्हणतात किती गोड बाप. सॅलीने स्वतःचे केस कापले म्हणून बेटीने तिला थोबाडीत मारली की लगेच "असली कसली आई". मारणं चूकच आहे, पण मग वाढदिवसाचं काय? मी आणि ताई यावर तावातावाने भांडलोय, ताईचं म्हणणं बेटी थंड आहे, माझं म्हणणं तिला कुणी काही विचारतच नव्हतं.

शेवटचं म्हणजे ऑटोप्ले बंद ठेवा, निदान सहाव्या सीझनच्या शेवटी तरी. डॉन मुलांना घेऊन त्या पडक्या घरासमोर उभा राहतो, मी इथे वाढलो म्हणतो, आणि सॅली, जिने त्याला शेजारणीबरोबर स्वतःच्या डोळ्यांनी पकडलेलं असतं, ती वळून त्याच्याकडे बघते. ती काय विचार करत असेल हे शेजारी बसलेल्या माणसाला विचारा आणि मगच पुढचा लावा.